फॉन्ट सापडत नाही

नवीन मशीन उभं राहिलं टेबलावर.
प्रणयनं नागपूरहून पार्ट आणले, सीताबर्डीच्या गल्लीतून,
एसटीत मांडीवर कॅबिनेट घेऊन, लाखांदूरपर्यंत.
जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले.
"उरतातच काका," म्हणाला. मी गप्प.
पंख्याचा आवाजच नाही. चालू आहे की बंद,
हात लावून पाहावं लागतं,
ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

जुनी हार्ड डिस्क मात्र बोलते.
एकशे साठ जीबी, अठरा दिवाळ्या.
टक्, टक्, मग जरा घरघर,
धानाच्या गिरणीत खडा आल्यासारखी.
दुपट्ट्याची घडी करून तिला वर ठेवली, वायर जोडली.

"सगळंच न्यायचं का गा काका?"
सगळंच.

नवीन फोल्डर. नवीन फोल्डर दोन. नवीन फोल्डर नऊ.
फायनल. फायनल दोन. खरं फायनल.
आता हेच छापा.

मंडईच्या दिवसांतली नाटकं, रात्री दहाला नांदी,
पहाटे पाचला पडदा.
वडशाच्या कंपन्यांसाठी मी मुंडकी कापली आहेत शेकड्यानं,
माउसनं, कानाच्या पाळीपासून सुरुवात करून, केस न् केस.
खलनायक लाल, नायिका गुलाबी,
विनोदी नट खालच्या कोपऱ्यात, तोंड उघडं.
तो शालिकराम डोंगरवार. त्याच फाइलचा रंग काढला
एका पौषात, हार घातला.
'भावपूर्ण' हा शब्द माझ्याकडे तयारच असतो.
तोंड मात्र मिटवता आलं नाही.

सतरा मिनिटं उरली. मग दोन तास. मग चार मिनिटं.
मग लाईन गेली आणि यूपीएस कोकलायला लागला.

बासष्ट टक्क्यांवर अडलं. एकच फाइल.
"वगळा दाबा ना," प्रणय म्हणतो, "एका पत्रिकेनं का होते?"
मी 'पुन्हा प्रयत्न करा' दाबलं.
पुन्हा.
पुन्हा.

पुस्तकलाची पत्रिका, दोन हजार अकरा.
घरच्यांनी कागदावर 'पायल' लिहून पाठवलं होतं,
नवरदेवाकडच्यांना जुनं नाव आवडलं नव्हतं म्हणे.
भर दुपारी एकटी आली, सायकल भिंतीला टेकवली,
प्रूफ पाहिलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली,
"नाव माजाच राहू दे गा. बोलना मी खाईन."
मी बदललं. बोलणी दोघांनी खाल्ली.
सहाशे कार्डांचे पैसे अजून यायचे आहेत.
इतकंच. याच्यापुढे काही शोधू नका.

नवव्या खेपेला आली.
उघडली तर
iqLrdyk
'फॉन्ट सापडत नाही,' नवीन मशीन म्हणतं, अदबीनं.
"कोण्या देशाची नवरी जी ही?" प्रणय हसला.

जुन्या विंडोजच्या तळाशी कृतिदेव पडला होता,
शंभर केबीचाही नाही.
एवढ्याशा पिशवीत अख्ख्या तालुक्याची नावं.
ओढून आणला, बसवला, आणि एकदम
पुस्तकला उठून बसली, मामांसकट, कुलदैवतासकट,
'आमच्या काकूच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या
चार चिल्ल्यापिल्ल्यांसकट. त्यातलं एक आता
समोर बसून मला रॅम समजावतं.
त्याला स्वतःचं नाव दिसलं नाही. मीही दाखवलं नाही.

तिसऱ्या दिवशी डिस्क बोलायची थांबली.
प्रणयनं उघडली, चुंबक काढून घेतलं,
आतली तबकडी मला दिली. आरशाहून स्वच्छ.
एक अक्षर दिसत नाही, एक मुंडकं दिसत नाही.
बायकोनं सुतळीनं ती बांधीत टांगली,
धान लोंबीवर आला आहे.

दोन दिवस राघू फिरकले नाहीत.
काल पाहिलं तर एक त्याच सुतळीला धरून,
उलटा वाकून,
स्वतःला चोच मारत होता.